शार्त्रला किती वेळ द्यावा?

परदेशच्या प्रवासाला निघालेला मनुष्य तेथे जाऊन आलेल्या मनुष्याला जे प्रश्न विचारतो त्यांत एक ठरलेला असतो : 'तिथे किती वेळ लागेल?' काही दिवसांपूर्वी माझे एक स्नेही याच प्रश्नासाठी माझ्या घरी आले. ते सहकुटुंब पॅरिसला निघाले होते. हाती पाच दिवस होते. वहीत त्यांनी नीट रकाने आखून आणले होते : स्थळ, अंतर, जाण्यायेण्याचा वेळ, पाहण्याचा वेळ. शार्त्रच्या कॅथीड्रलपुढे शेवटच्या रकान्यात 'दोन तास' असे लिहून त्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढले होते. "तुम्ही दोनदा जाऊन आला आहात," ते म्हणाले, "दोन तास पुरतील ना? की तेही जास्त होतात? तसे असेल तर तो वेळ व्हर्सायच्या राजवाड्याला देता येईल."

मी सरकारी नोकर आहे. कोणत्या कामाला किती दिवस आणि किती रुपये लागतील याचा अंदाज करणे, तो कागदावर मांडणे आणि खाली सही करणे, हा माझा रोजचा व्यवसाय. पण या एका आकड्याखाली मला काही सही करवेना. 'रविवारी सांगतो' असे म्हणून मी त्यांची वही ठेवून घेतली. त्या वहीला मी जे उत्तर दिले, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

व्यवहारापुरते बोलावयाचे तर प्रश्न सोपा आहे. शार्त्र हे गाव पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे नव्वद किलोमीटरवर, अर नदीच्या काठी वसले आहे. आगगाडीने तास-सव्वा तास लागतो. गाडी बोस नावाच्या सपाट, गव्हाच्या प्रदेशातून जाते. आणि गाव दिसण्यापूर्वीच त्या पिकाच्या वर दोन मनोरे दिसू लागतात. दोन्ही सारखे नाहीत. एक बाराव्या शतकातला, साधा, १०५ मीटर उंचीचा. दुसऱ्याचे वरचे लाकडी टोक १५०६ मध्ये वीज पडून जळाले, तेव्हा झां द बोस नावाच्या कारागिराने त्यावर जाळीदार नक्षीचे दगडी शिखर चढविले; तो मनोरा ११३ मीटर उंच आहे. स्थानकापासून देऊळ दहा मिनिटांच्या चालीवर. आतली लांबी सुमारे १३० मीटर, छताची उंची सुमारे ३७ मीटर. कोठेही न थांबता एक फेरी मारली तर वीस मिनिटे पुरतात. तेव्हा माझ्या स्नेह्यांचे दोन तास म्हणजे काही अंकगणिताची चूक नव्हती. मी स्वतः पहिल्या खेपेस त्याहूनही कमी वेळ दिला होता.

ही गोष्ट नोव्हेंबर २००७ मधली. नोकरीत नवा असताना कामानिमित्त मी पॅरिसला गेलो होतो. एका शनिवारची दुपार मोकळी मिळाली आणि मी शार्त्रची गाडी पकडली. परतीच्या गाडीचे तिकीट आधीच काढले होते, त्यामुळे देवळासाठी हाती एक तास चाळीस मिनिटे उरली. आभाळ भरून आले होते. आत शिरलो तो डोळ्यांना काही दिसेना. खांब काळे, भिंती काळ्या, छत तर अंधारातच बुडालेले. आणि त्या काळोखात कोठे कोठे निळ्या-तांबड्या काचा निखाऱ्यासारख्या धुमसत होत्या. उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्याला पुरते दिसू लागण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. ती जेमतेम संपतात तोच मी घड्याळाकडे पाहू लागलो. हातातील पुस्तकात दिलेली दहा ठिकाणे मी शोधली, त्यांपुढे खुणा केल्या, छायाचित्रे काढली आणि धावत स्थानक गाठले. पुढे कित्येक वर्षे मी लोकांना शार्त्रच्या त्या गंभीर काळोखाविषयी सांगत असे. 'मध्ययुग म्हणजे काय ते मला तेथे कळले' असेही म्हणत असे. हे वाक्य मला पुढे गिळावे लागले. ते कसे, हे सांगण्यापूर्वी त्या वास्तूचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

शार्त्रला देऊळ फार जुन्या काळापासून होते. ८७६ मध्ये फ्रँक राजा चार्ल्स 'टकल्या' याने त्या देवळाला एक वस्त्र अर्पण केले. येशूच्या जन्मसमयी मेरीमातेच्या अंगावर होते ते हेच, अशी श्रद्धा. या वस्त्रासाठी यात्रेकरू येऊ लागले, यात्रेकरूंमुळे बाजार भरू लागला आणि बाजारामुळे गाव वाढले. १०२० मध्ये देऊळ जळाले. त्या वेळचा बिशप फुल्बेर मोठा विद्वान होता. त्याने ते नव्याने उभारले आणि खाली यात्रेकरूंना सलग फिरता येईल असे प्रचंड तळघर बांधले. ते अजून शाबूत आहे. फ्रान्समधील सर्वांत मोठ्या तळघरांपैकी ते एक. ११३४ मध्ये गावाला पुन्हा आग लागली आणि देवळाच्या दर्शनी बाजूचे नुकसान झाले. तेव्हा नवे मनोरे आणि आज 'राजद्वार' म्हणून ओळखला जाणारा तीन दारांचा भाग उभा राहू लागला. याच सुमारास, ११४५ मध्ये, रुआँच्या आर्चबिशपने लिहिलेल्या पत्रात एक विलक्षण हकीकत येते : शार्त्रचे लोक स्वतःला गाड्यांना जुंपून घेऊन दगड-लाकूड ओढून आणीत होते.

आणि मग १० जून ११९४ ची रात्र आली. पुन्हा आग लागली. दर्शनी भाग, मनोरे आणि तळघर एवढे वाचले; बाकीचे सर्व गेले. पुढे काही वर्षांनी रचलेल्या चमत्कारकथांच्या ग्रंथात या प्रसंगाचे वर्णन आहे. लोकांना देऊळ गेल्याचे दुःख होतेच. पण त्याहून मोठा घोर होता तो वस्त्राचा. मेरीमाता गाव सोडून गेली अशी सर्वांची भावना झाली. त्या वेळी पोपचा प्रतिनिधी कार्डिनल मेलिओर गावात होता. त्याने बिशपला व कॅननांना, म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्या धर्मगुरूंना, तीन वर्षांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा बांधकामास देण्यास राजी केले. मग नगरवासीयांची सभा भरली. आणि तिच्यासमोर मिरवणुकीने ते वस्त्र आणले गेले. आग लागताच काही सेवक ते घेऊन तळघरात उतरले होते आणि तेथे दोन-तीन दिवस अडकून जिवंत राहिले होते. मातेला जुने देऊळ जुने झाले होते, तिला नवे हवे होते, असा अर्थ लोकांनी त्यातून काढला. १७१२ मध्ये त्या वस्त्राची पेटी उघडण्यात आली, तेव्हा आत शिवलेला झगा नसून एक लांब रेशमी वस्त्र निघाले. श्रद्धेला त्यामुळे फारसा धक्का लागला नाही. आज ते देवळातच एका काचेच्या पेटीत पाहावयास मिळते.

आता वेळेच्या हिशेबासाठी मुद्द्याची गोष्ट अशी की, ११९४ नंतर अवघ्या तीस वर्षांच्या आत त्या प्रचंड वास्तूवर दगडी छत चढले. मध्ययुगातील कित्येक कॅथीड्रले पुरी होण्यास दोन-दोन शतके लागली. त्या मानाने हा वेग आश्चर्यकारक होता. दगड बेर्शेरच्या खाणीतून आठ-दहा किलोमीटरांवरून येत होता. भिंतीवरचा भार बाहेरून पेलण्यासाठी तिरक्या उडत्या कमानींचे टेकू दिले होते. भार बाहेर गेला म्हणून भिंत मोकळी झाली, आणि भिंत मोकळी झाली म्हणून तीत मोठमोठी गवाक्षे बसली. शार्त्रच्या गवाक्षांतील रंगीत काच सुमारे २,६०० चौरस मीटर भरते. २४ ऑक्टोबर १२६० रोजी देवळाचे समर्पण झाले. आपल्याकडे श्रीज्ञानेश्वरी लिहून पूर्ण झाली त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट. बांधणाऱ्या मुख्य स्थपतीचे नाव कोणालाही ठाऊक नाही.

हे सर्व केवळ भक्तीच्या बळावर झाले असे मात्र कोणी समजू नये. देवळाला जमिनी होत्या, कुळे होती, जत्रांचे उत्पन्न होते. १२१० मध्ये, बांधकाम चालू असतानाच, नगरवासीयांनी कॅननांविरुद्ध दंगा केला. खालच्या ओळीतील अनेक गवाक्षांत चांभार, सुतार, पाव भाजणारे, कातड्याचे व्यापारी, सराफ आपापली कामे करताना दाखविले आहेत. दयाळू शोमरोनी माणसाची कथा सांगणाऱ्या गवाक्षाच्या तळाशी चांभार बसले आहेत. नोहाच्या गवाक्षाखाली सुतार काम करीत आहेत. ही गवाक्षे त्या त्या धंद्यांच्या संघांनी आनंदाने अर्पण केली असे पूर्वीचे अभ्यासक सांगत. अलीकडच्या संशोधकांना ते तितके सरळ वाटत नाही. त्या काळी शार्त्रमध्ये असे संघ मुळात कितपत संघटित झाले होते, आणि ही चित्रे कारागिरांनी काढविली की ज्यांना त्यांच्याकडून पैसा हवा होता त्यांनी, असे प्रश्न ते विचारतात. पण कारण काही असो. आठशे वर्षांपूर्वीचा चांभार जोडा शिवताना राजांच्या आणि संतांच्या पंक्तीत बसलेला आहे, एवढे तर आपण डोळ्यांनी पाहतो.

माझ्या पहिल्या भेटीत मी हा चांभार पाहिला नव्हता. तो पाहावयास थांबावे लागते. ही गवाक्षे बहुधा खालून वर वाचावयाची असतात, त्यामुळे तो अगदी पहिल्या ओळीतच भेटतो. पण ज्याला वाचण्यास वेळ नाही त्याला सगळी काच केवळ रंगीत दिसते.

दुसऱ्यांदा मी गेलो तो जून २०२३ मध्ये. त्या खेपेस पॅरिसच्या नोत्र-दामला दोन दिवस द्यावे असे माझ्या मनात होते. परंतु १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर ते बंद होते. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. तेव्हा ते दोन दिवस शार्त्रला आले. या वेळी सौभाग्यवती बरोबर होत्या, देवळाच्या मागच्या उतारावर एक लहानशी खोली मिळाली होती आणि परतीचे तिकीट काढलेले नव्हते. सकाळी आम्ही आत पाऊल टाकले आणि मी जागीच थांबलो. माझा काळोख नाहीसा झाला होता.

भिंती आणि छत फिकट, सायीच्या रंगाचे झाले होते. त्यांवर पांढऱ्या रेघांनी दगडाचे सांधे रेखले होते. सारे देऊळ जणू काल-परवा बांधून झाले असावे असे उजळून निघाले होते. मला संताप आला, हे मी कबूल करतो. असा संताप येणारा मी एकटा नव्हतो. २००९ मध्ये सरकारने हे काम हाती घेतल्यापासून जगभरच्या जाणकारांत त्यावर कडाक्याचा वाद झाला. शतकानुशतके पूजिली गेलेली, 'खांबावरची मेरी' म्हणून प्रसिद्ध असलेली सोळाव्या शतकातील काष्ठमूर्ती काळी होती. तिचा चेहराही साफ करून गोरा करण्यात आला, तेव्हा कित्येक भाविक हळहळले. काळाचा लेप हाही इतिहासच नव्हे काय, असे विरोधकांचे म्हणणे होते.

काम करणाऱ्यांचे उत्तर असे होते की, हा रंग आम्ही मनाने दिलेला नाही. काजळीखाली तेराव्या शतकातील गिलावा मोठ्या प्रमाणात शिल्लक होता. पिवळसर रंगाचा, पांढऱ्या खोट्या सांध्यांसह. जे बांधले गेले ते उजळच होते. अंधार आला तो मेणबत्त्यांच्या, दिव्यांच्या आणि देवळात ऊब आणणाऱ्या शेगड्यांच्या धुराने. म्हणजे २००७ मध्ये मी ज्याला मध्ययुगाचा काळोख म्हणून नमस्कार केला, त्यात मध्ययुगाचा वाटा थोडा आणि नंतरच्या धुराचा अधिक होता! एक तास चाळीस मिनिटांत मी काजळी पाहून आलो होतो आणि तिच्यावर एक सिद्धान्त उभारला होता. वादाचा निकाल लावण्याचा अधिकार मला नाही. त्या काळ्या मूर्तीविषयी आजही मला रुखरुख वाटते. परंतु थोडा वेळ पाहून ठाम मत देणारा मनुष्य किती फसू शकतो, हे मी त्या सकाळी माझ्यापुरते शिकलो.

मग आम्ही घड्याळ खिशात ठेवले आणि सूर्याचे वेळापत्रक पाळावयाचे ठरविले. शार्त्रचे देऊळ नेमके पूर्व-पश्चिम नाही. त्याचा गाभाऱ्याकडील भाग ईशान्येकडे बराच वळलेला आहे. त्यामुळे सकाळचे कोवळे ऊन प्रथम गाभाऱ्यामागील गवाक्षांत उतरते. दुपारच्या आधीच ते दक्षिणेच्या गुलाबाकृती गवाक्षावर येते. तिसऱ्या प्रहरानंतर दर्शनी बाजूची तीन उंच गवाक्षे पेटतात. ही ११५० च्या सुमाराची, आगीतून वाचलेली, आणि शार्त्रचा सुप्रसिद्ध निळा रंग येथेच सर्वांत निर्मळ दिसतो. उत्तरेचा गुलाब फ्रान्सची राणी ब्लांश हिच्या देणगीचा. तो दिवसाचा बराच काळ सावलीत असतो. जूनच्या लांबलेल्या संध्याकाळी मात्र त्यालाही तिरपे ऊन मिळते. एकाच जागी बसून सकाळी फिकी वाटलेली काच दुपारी बोलू लागलेली आम्ही पाहिली. 'सुंदर गवाक्षाची माता' म्हणून ओळखले जाणारे मेरीचे निळे चित्र दहा वाजता पाहिले आणि पुन्हा दोन वाजता पाहिले, तर ते दोन निराळ्या चित्रकारांनी काढले असावे असे वाटले. ढग आला की सगळे देऊळ एकदम मौन धरी.

दक्षिणेच्या गुलाबाखाली पाच उभी गवाक्षे आहेत. मध्ये मेरी आणि बालयेशू. दोन्ही बाजूंस चार उंच पुरुष आणि त्यांच्या खांद्यांवर बसलेली चार लहान माणसे. उंच पुरुष हे जुन्या करारातील द्रष्टे आणि खांद्यावरचे ते शुभवर्तमानांचे चार लेखक. ही कल्पना पाहून शार्त्रच्या एका गुरूची आठवण होते. बाराव्या शतकात येथील पाठशाळेचा लौकिक मोठा होता. तेथील आचार्य बेर्नार म्हणत असत की, आपण महाकायांच्या खांद्यांवर बसलेले ठेंगू आहोत. आपल्याला दूरचे दिसते ते आपली नजर तीक्ष्ण म्हणून नव्हे, तर त्यांनी आपल्याला वर उचलले म्हणून. हे वचन जॉन ऑफ सॉल्झबरी याने ११५९ मध्ये नोंदून ठेवले, आणि तोच पुढे ११७६ मध्ये शार्त्रचा बिशप झाला. राजद्वाराच्या उजव्या दारावरील कमानीत सात विद्या आणि त्यांचे आचार्य कोरलेले आहेत. पायथागोरस तेथे वाकून बसला आहे. ख्रिस्ती देवळाच्या दारात ग्रीक गणितज्ञ बसविण्याइतके मन मोठे असलेले ते गाव होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाटाड्याबरोबर तळघर पाहिले आणि मग देवळाबाहेर पडून गावात गेलो. माझ्या स्नेह्यांच्या वहीत गावासाठी रकानाच नव्हता. पण या गावाने आपले देऊळ कसे राखले, ते बाहेर पडल्यावाचून कळत नाही. १८३६ मध्ये छपराचे लाकूडकाम जळाले, तेव्हा त्या जागी लोखंडी सांगाडा व तांब्याचे पत्रे आले. आज दुरून दिसणारा हिरवट रंग तो या तांब्याचा. १९३९ मध्ये युद्धाचे ढग जमताच सर्व गवाक्षे तुकड्या-तुकड्यांनी उतरवून पेट्यांत भरण्यात आली, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा आपापल्या जागी बसविण्यात आली. १६ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकन सैन्य गावाशी येऊन ठेपले. मनोऱ्यात जर्मन टेहळे असावेत या संशयाने त्यावर तोफा डागण्याचा विचार चालला होता. वेलबर्न ग्रिफिथ नावाचा एक कर्नल स्वतः आत गेला, मनोरा चढला, वर कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि तोफांचा मारा टळला. त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावी तो मारला गेला. त्याने देवळात किती मिनिटे घालविली असतील? ते पाहावयास तर त्याला एक क्षणही मिळाला नसेल.

गावात एक स्मारक आहे : मुठीत धरलेली मोडकी तलवार. ते झां मुलँ याचे. १९४० मध्ये तो या जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टर, होता. वय चाळीस. जर्मन फौजा आल्या तेव्हा गाव बहुतेक रिकामे झाले होते, पण तो जागेवर राहिला. १७ जून रोजी जर्मन अधिकाऱ्यांनी त्याच्यापुढे एक कागद ठेवला. बाँबवर्षावात मेलेल्या स्त्रिया-मुलांची हत्या फ्रेंच सैन्यातील आफ्रिकी शिपायांनी केली, असे त्यात लिहिले होते. कलेक्टरने खाली सही करावयाची होती. त्याने नकार दिला. त्याला मारझोड झाली. रात्री कोंडून ठेवले. पहाटे आपल्या हातून सही होईल या भीतीने त्याने काचेच्या तुकड्याने स्वतःचा गळा चिरून घेतला. तो वाचला. पुढे प्रतिकार-चळवळीचा मोठा नेता झाला, पकडला गेला आणि जुलै १९४३ मध्ये छळाने मरण पावला. परदेशी शिपायांवर, ज्यांची बाजू घेणारे तेथे कोणी नव्हते, खोटा आळ येऊ नये म्हणून एका कलेक्टरने गळा चिरून घेतला. या स्मारकापुढे मी किती वेळ उभा होतो ते सौभाग्यवतींना ठाऊक. मला आठवत नाही. रोज किती कागदांवर मी न वाचता सही करतो, एवढेच त्या वेळी माझ्या मनात येत होते.

दुपारी पुन्हा देवळात आलो. तो शुक्रवार होता. वर्षातील काही महिने दर शुक्रवारी तेथील खुर्च्या हलवून जमिनीवरचे एक प्रचंड वर्तुळ मोकळे करतात. तेराव्या शतकाच्या आरंभी दगडात बसविलेला हा वळणावळणांचा मार्ग. आपण त्याला चक्रव्यूह म्हणू. पण यात अभिमन्यूची गत होत नाही. वाट एकच आहे, फाटा कोठेही नाही. आत शिरणारा मध्यावर पोहोचतोच आणि आल्या वाटेने बाहेरही येतो. वर्तुळाचा व्यास सुमारे तेरा मीटर. कडेपासून मध्यापर्यंत सरळ गेले तर साडेसहा मीटर, म्हणजे आठ-दहा पावले. पण त्या वाटेने गेले तर सुमारे २६० मीटर चालावे लागते. मध्य अगदी हाताशी येतो, आणि वाट पुन्हा कडेला नेऊन सोडते. आमच्या पुढे एक वृद्ध बाई काठी टेकीत चालल्या होत्या. त्यांना ओलांडून जाता येत नव्हते आणि जावेसेही वाटत नव्हते. आम्हाला अर्धा तास लागला.

१९१२ मध्ये शार्ल पेगी नावाचा फ्रेंच कवी मुलाच्या आजारपणात केलेला नवस फेडण्यासाठी पायी शार्त्रला आला होता. दोन वर्षांनी तो युद्धात मारला गेला. पण त्याच्यामागून विद्यार्थ्यांनी पॅरिसहून पायी येण्याचा प्रघात पडला आणि तो आजही चालू आहे. मध्ययुगीन यात्रेकरू आठवडे-आठवडे चालून येत आणि रात्री देवळातच आडवे होत. 'पंढरपुरात किती वेळ लागेल?' असे वारकऱ्याला कोणी विचारीत नाही, कारण त्याचा वेळ वाटेवरच सुरू झालेला असतो. आपण आगगाडीने जाणारी माणसे. आपल्याला तो प्रश्न विचारावा लागतो, आणि त्यात कमीपणाही नाही. रजा मोजकी असते, पैसे मोजके असतात.

म्हणून रविवारी मी स्नेह्यांच्या वहीत जे लिहिले ते अगदी व्यवहाराचे होते. दोन तासच देता येत असतील तर जरूर जा. पण मग सर्व काही पाहू नका. पहिली वीस मिनिटे काहीही न करता बसा. नंतर एकच गवाक्ष निवडा आणि ते खालून वरपर्यंत वाचा. बरोबर लहानशी दुर्बीण न्या. ती छायाचित्र-यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडेल. बाहेर पडताना राजद्वारापाशी थांबा. दिवस देता आला तर सकाळी गाभाऱ्यामागे, दुपारपूर्वी दक्षिणेच्या गुलाबाखाली आणि संध्याकाळी दर्शनी गवाक्षांपुढे असा. दुपारचे तळघर पाहा आणि थोडे नदीवर जा. एक रात्र राहता आले तर याहून काही सांगण्याची जरूर नाही. परतीचे तिकीट मात्र कोणत्याही परिस्थितीत आधी काढू नका.

गेल्या आठवड्यात ते परत आले. शार्त्रला त्यांना चार तास मिळाले, आणि त्यांतील दोन तास पाऊस होता, असे ते म्हणाले. मला वाईट वाटले. तोच त्यांची महाविद्यालयात जाणारी कन्या मधेच म्हणाली, "काका, बाबांना चांभार सापडत नव्हता. मी शोधून दिला." आणि तिने वही पुढे केली. तिच्या वडिलांच्या रकान्यांशेजारी तिने पेन्सिलीने एक माणूस काढला होता; मान खाली घालून जोडा शिवीत बसलेला. शेवटच्या रकान्यात काय लिहिले आहे ते मग मी पाहिलेच नाही.